आठ चंद्रांचा खोका

१

“खोका इथे नाहीये,” ताई म्हणाली, आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

ताई म्हणजे माझी नणंद. सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. परदेशातल्या शाळांसाठी शिक्षक निवडायचा मेळावा एका मोठ्या हॉटेलात भरला होता आणि आम्ही तिघी सकाळपासून तिथे होतो. ताई उमेदवार, तिची आई म्हणजे माझ्या सासूबाई आधाराला, आणि मी गाडी चालवायला. सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, माझा नवरा कॉलेजात शिकवतो, आमच्या घरातल्या भिंतीसुद्धा प्रश्न विचारतात. एकटी मी औषधाच्या दुकानात बसते, त्यामुळे घरात मला कायम शेवटच्या बाकाची वागणूक मिळते.

खोक्यात ताईनं सुट्ट्या खर्ची घालून बनवलेलं चंद्राच्या कलांचं मॉडेल होतं. एक मोठी रिंग, तिच्यावर टाचण्यांवर गरगर फिरणारे आठ चेंडू, प्रत्येक अर्धा पांढरा, अर्धा काळा. रिंगेच्या एका बाजूला पुठ्ठ्याचा पिवळा सूर्य. मुलानं मधोमध डोकं घालायचं, की त्याचं डोकं झालं पृथ्वी. मग जागच्या जागी फिरत एकेक चंद्र बघायचा.

आता या खोक्यावर काय अवलंबून होतं ते सांगते, म्हणजे माझा जीव का खालीवर होत होता ते कळेल. ताईचा नवरा तिकडच्या एका शहरात हॉस्पिटलात तंत्रज्ञ आहे. त्याच्या हुद्द्याला बायको-मुलीला घेऊन राहायची परवानगी नाही. शिक्षिकेला मात्र कुटुंबासाठी घर मिळतं, आणि नेमकी त्याच शहरातल्या शाळेत विज्ञानाची एक जागा निघाली होती. पुढच्या वर्षी ताई वयाच्या अटीत बसणार नव्हती. माझी भाची बापाला फोनच्या काचेवर ओळखते. तो सुट्टीला घरी आला की पहिले दोन दिवस त्याच्यापासून लाजते आणि ताई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. मला ते बघवत नाही.

त्या शाळेची अट एकच होती. उमेदवारानं स्वतः बनवलेलं साहित्य वापरून पाठ घ्यायचा. साहित्य नाही, तर पाठ नाही.

मेळाव्याचे संयोजक धावत आले. गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम, पन्नाशीचा साधा माणूस. सगळ्या उमेदवारांचं साहित्य ठेवलेल्या त्या खोलीत त्यांनीही इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमचा नंबर मी शेवटी टाकतो, बाई. तेवढंच माझ्या हातात आहे.”

“तोवर मिळाला नाही तर?” ताईनं विचारलं.

“तर निवड समितीच्या बाईंना वाटेल, तुम्ही खोका आणलाच नव्हता.”

२

मी रडकुंडीला आले. सासूबाई मात्र खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. त्यांनी चष्मा पुसायला घेतला की घरात सगळे पाय गुंडाळून बसतात.

“दारावरच्या रखवालदारानं येताना खोका उघडून बघितला होता,” त्या म्हणाल्या. “जाताना कोणाचा उघडला का, विचारून ये.”

मी विचारून आले. सकाळपासून एकही मोठी वस्तू बाहेर गेली नव्हती.

“म्हणजे खोका आतच आहे. आता या खोलीत कोण कोण आलं होतं ते बघू.”

साहित्याच्या खोलीला कुलूप नव्हतं. उद्घाटनाच्या भाषणाआधी ताईनं खोका जागेवर पाहिला होता; चौकशी केल्यावर कळलं, भाषण चालू असताना तिथे तिघंच फिरकले होते, आणि तिघांनीही ते लपवलं नाही. पहिले टायवाले सर. भूगोल आणि विज्ञान दोन्ही शिकवतात, त्याच जागेसाठी आलेले. पडदा, लॅपटॉप, अंगाला घट्ट बसलेला कोट.

“लॅपटॉप चार्जिंगला लावायला गेलो होतो,” ते म्हणाले. “खोका होता बुवा तिथे. पण खरं सांगू का मावशी, पुठ्ठे आणि चेंडू घेऊन फिरायचे दिवस गेले आता. सगळं स्क्रीनवर होतं.”

मला तो माणूस तिथल्या तिथे दोषी वाटला. सासूबाई नुसत्या “हो का” म्हणाल्या.

दुसरी अत्तरवाली. हे नाव मी ठेवलं, कारण ती आली की आधी वास यायचा. रसायन शिकवणारी, तरुण, नीटनेटकी, हीही त्याच जागेसाठी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“माझं डोकं सकाळपासून ठणकतंय,” ती म्हणाली. “गोळीची पिशवी माझ्या साहित्यात राहिली होती, ती आणायला गेले. ताईंचा खोका मी पाहिलासुद्धा नाही. वाईट वाटतंय हो मला.”

अर्धशिशी आहे हे मी बघताक्षणी ओळखलं, दिवसभर तेच तर बघते. गोळी तिनं हातात धरली होती, पाणी मागितलं नव्हतं. एवढ्यात संयोजक आले आणि तिच्यापुढे कपभर गरम पाणी ठेवून एक शब्द न बोलता निघून गेले. मी मनात म्हटलं, या वयात हे धंदे.

तिसरे संयोजक स्वतः. “नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायला गेलो होतो,” ते म्हणाले. “खोक्यात काय होतं हेही मला माहीत नाही. मी व्यवस्था बघणारा माणूस, शिकवण्यातलं मला काय कळतंय?”

तेवढ्यात त्यांना बदललेला क्रम जाहीर करायला जावं लागलं. मोठ्या हॉलमध्ये ही गर्दी, आणि गर्दी कसली, सगळे शिक्षक. एकजण गप्प बसेल तर शपथ. माईक बंद पडलेला. मला वाटलं आता हे घसा फोडून ओरडणार. हा माणूस नुसता पुढे जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. बोलेना की हलेना. शेवटच्या रांगेतल्या दोन बडबड्या बायकांकडे तेवढं बघत राहिला. हळूहळू हॉल आपोआप शांत झाला, तेव्हा त्यानं अगदी हळू आवाजात क्रम वाचला आणि सगळ्यांना ऐकू गेला.

“छान,” सासूबाई पुटपुटल्या.

“काय छान, आई? आपला खोका गेलाय,” मी म्हटलं.

“एवढा खोका लपवायला रिकामी जागाच हवी,” म्हणत त्या उठल्या आणि शेजारच्या रिकाम्या हॉलकडे चालू लागल्या. तिथे भिंतीशी खुर्च्यांच्या चळती पांढऱ्या चादरींनी झाकून ठेवल्या होत्या. सगळ्या चादरी वीतभर वरच संपत होत्या. एकच चादर जमिनीला टेकली होती.

सासूबाईंनी ती उचलली. मागे आमचा खोका होता.

३

मी तर देवाला हात जोडले. पण ते दोन मिनिटंच टिकलं. आवाज ऐकून समितीच्या बाई बाहेर आल्या. त्या शाळेच्या प्रमुख, मूळच्या आपल्याच, सगळं आयुष्य तिकडे गेलेलं. केस पांढरे, नजर करवतीसारखी.

“सापडला ना? छान,” त्या म्हणाल्या. “पण दोन खोल्या ओलांडून तिथे गेला कसा? मागच्या वर्षी एका उमेदवारानं साहित्य हरवल्याचं नाटक केलं होतं. शेवटचा नंबर मिळाला, बाकीच्यांचे पाठ दाराआडून ऐकून झाले आणि मग साहित्य सापडलं. मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण मला खात्री हवी. जेवणापर्यंत मी इथे आहे.”

ताईचा चेहरा उतरला. ती भांडली नाही, रडली नाही, फक्त म्हणाली, “बरोबर आहे तुमचं. मीही हेच विचारलं असतं.” मला इतकं भरून आलं. मी असते तर खोका त्यांच्या डोक्यात घातला असता.

सासूबाईंनी तोवर खोक्याचं झाकण उघडलं होतं. आत डोकावल्या आणि तशाच थांबल्या.

“सूनबाई, सकाळी रखवालदारानं झाकण उघडलं तेव्हा चेंडू कसे होते?”

मला चांगलं आठवत होतं. माझ्याच गाडीनं एक खड्डा इमानेइतबारे घेतला होता. “सगळे वेडेवाकडे. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. तो रखवालदार हसलासुद्धा. तुम्ही सरळ करायला गेलात तर ताई म्हणाली, राहू दे, ते मी पाठात मुलांच्या हातून करून घेणार आहे.”

“मग हे बघ.”

आठही चेंडू जागच्या जागी होते. ते हलू नयेत म्हणून मेळाव्याची माहितीपत्रकं चुरगळून त्यांच्यामध्ये हळुवार खोचली होती. आणि प्रत्येक चेंडूचा पांढरा भाग सूर्याकडे होता.

“कोणीतरी नीट लावून ठेवलेत,” मी म्हटलं. “त्यात काय?”

“नुसता टापटिपीचा माणूस असता तर त्यानं काय केलं असतं? सगळे पांढरे भाग आत वळवले असते, किंवा सगळे बाहेर. दिसायला ते छान दिसतं. पण हा सूर्याशेजारचा चेंडू बघ. याची काळी बाजू आत आहे. ही अमावास्या. आणि हा समोरचा, याची पांढरी बाजू आत, ही पौर्णिमा. ज्यानं खोका लपवला त्याला चंद्र कळतो. नुसता कळत नाही, चुकीचा लावलेला त्याला बघवत नाही.”

“टायवाले सर,” मी म्हटलं आणि तडक निघाले. “भूगोलवाल्यालाच कळणार. मी त्याला आत्ता सगळ्यांसमोर…”

सासूबाईंनी माझा हात धरला. सत्तरीच्या बाईची ती पकड बघून मला त्यांच्या वर्गातल्या पोरांची दया आली.

“तू काही बोलायचं नाहीस. तू फक्त माझ्याबरोबर ये. आणि मी कितीही मूर्खासारखं बोलले तरी हसायचं नाही.”

४

टायवाले सर लॅपटॉपशी झटत होते. सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या. चार पावलांत त्यांचं वय दहा वर्षांनी वाढलं, पाठीत पोक आलं, आवाज कापरा झाला. मी पंधरा वर्षं या बाईच्या घरात राहते आणि ही कला मला ठाऊक नव्हती.

“सर, एक विचारू का? मला म्हातारीला सांगा, चंद्र कमी-जास्त दिसतो तो आपल्या पृथ्वीची सावली त्याच्यावर पडते म्हणूनच ना?”

“अगदी बरोबर, मावशी,” सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

सासूबाईंनी त्यांचे आभार मानले. वळल्यावर मला हळूच म्हणाल्या, “हा नाही. आणि याच्या वर्गातल्या पोरांचं देव भलं करो.”

अत्तरवालीला हाच प्रश्न विचारला. तिनं डोकं धरूनच विचार केला. “मला नाही वाटत तसं, आजी. पण माझा विषय रसायन. उगाच चुकीचं सांगायला नको. तुमच्या लेकीलाच विचारा ना.”

“गुणी मुलगी आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि चहाच्या टेबलाकडे वळल्या. तिथे संयोजक कप मोजून घेत होते.

प्रश्न तोच.

“असेल, बाई,” ते म्हणाले. “मला काय कळतंय.” आणि ते ट्रे उचलून निघाले. मी सुस्कारा सोडला. झालं, तिघंही संपले. आता कुठे जायचं?

दरवाज्यापर्यंत जाऊन ते थांबले. ट्रे खाली ठेवला. परत आले.

“नाही, बाई. सावलीनं नाही. सावली पडली तर ते ग्रहण. रोजचं कमी-जास्त होणं वेगळं. थांबा.” त्यांनी फळांच्या ताटलीतलं एक संत्रं उचललं आणि माझ्या हातात दिलं. “तुम्ही पृथ्वी. ही खिडकी म्हणजे सूर्य. हात लांब करा, संत्रं डोक्याच्या जरा वर. खिडकीकडे तोंड करा. काय दिसतं?”

“काळं दिसतंय. उजेड पलीकडे आहे.”

“शाबास. अमावास्या. आता डावीकडे हळूहळू वळा. घाई नको. कुठून उजेड चढतोय?”

“कडेनं. आता… आता अर्धं झालं.”

“अर्धं. मी संत्र्याला काही केलं का? तुम्ही केलंत? नाही. त्याचा अर्धा भाग आधीपासून उजेडातच होता. आपल्याला त्यातला किती दिसतो, एवढाच प्रश्न. आता खिडकीकडे पाठ करा.”

मी पाठ केली आणि माझ्या हातात पौर्णिमा होती. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. शाळेत मी हे दरवर्षी पाठ केलं, लिहिलं, मार्क मिळवले, आणि कळलं ते आज, हॉटेलच्या संत्र्यावर. आजूबाजूला माणसं जमली होती. दोघांनी ताटलीतली संत्रीही उचलली होती. संयोजकांचा चेहरा असा उजळला होता की सकाळचा तो घामेजलेला माणूस हाच का, असा प्रश्न पडावा.

“आता हात खाली घ्या,” ते मला म्हणाले. “बघा, तुमच्या डोक्याची सावली पडली. हे तुमचं ग्रहण.”

सासूबाईंचं पोक गेलं होतं. त्या ताठ उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत, शपथेवर सांगते, कौतुक होतं.

“सर,” त्या म्हणाल्या, “किती वर्षं शिकवलंत?”

ते ताटलीतून दुसरं संत्रं उचलत होते, ते हातातून सुटून टेबलावरून घरंगळत गेलं. कोणी उचललं नाही.

५

त्यांनी नाकारलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

“हॉल शांत केलात तेव्हाच मला कळलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “व्यवस्था बघणारा माणूस ओरडतो. गप्प उभं राहून वर्ग शांत करायला वर्गात हयात जावी लागते. मग तुम्ही शिकवण्यातलं कळत नाही असं का म्हणालात? आणि नंतर खोक्यातले चंद्र बघितले. फक्त कशासाठी केलंत, ते मला कळलेलं नाही.”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. “गरम पाणी,” मी म्हटलं. “तिला अर्धशिशीची गोळी गरम पाण्याबरोबर लागते हे तुम्हाला तिनं सांगितलं नव्हतं. तुम्हाला आधीच माहीत होतं. ती कोण तुमची?”

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की शेवटच्या बाकावरून मी एकदम दुसऱ्यावर आले.

“धाकटी बहीण,” ते म्हणाले. “आईवडील गेले तेव्हा ती लहान होती. तिच्या शिक्षणाला पैसे हवेत म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली, मेळावे भरवणाऱ्या या कंपनीत लागलो. इथे कामावरच्या माणसाच्या घरच्या उमेदवाराला बंदी आहे, म्हणून ओळख दाखवत नव्हतो. आज तिचं डोकं उठलं आणि मला दिसलं की तिचा पाठ पडणार. तुमचा खोका उघडला तो मोडायलाच. सगळे चंद्र उलटेसुलटे. हात आपोआप गेला. एकेक सरळ केला, आणि मग मोडवेना. लपवला. तिला यातलं काही माहीत नाही.”

अत्तरवाली मागे येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “दादा, मी पडले असते तर पडले असते,” ती म्हणाली. “हे कशाला केलंस रे?” आणि ती त्यांच्या शेजारी बसून रडायला लागली.

ताई मघाशीच खोका घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. आता पुढे आली.

“मला तुमचा फार राग आलाय, सर. माझी मुलगी बापाला बघून लाजते. आज मी हरले असते तर ती तशीच मोठी झाली असती. हे तुम्हाला कळायला हवं.”

“कळतंय,” ते म्हणाले. ते उठले, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, आणि कोणी न सांगता समितीच्या दारावर टकटक करून आत गेले. आम्हाला आतलं ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं समितीच्या बाईच बाहेर आल्या.

“चला,” त्या ताईला म्हणाल्या. “तुमचा पाठ.”

दाराला काच होती. मी आणि सासूबाई तिथे नाक लावून उभ्या. ताईनं आत जाताच पहिलं काय केलं असेल? सगळे चेंडू पुन्हा वेडेवाकडे केले. मग त्या करवती नजरेच्या बाईंना रिंगेच्या मधे उभं केलं आणि हातवाऱ्यांवरून दिसत होतं की विचारतेय, यातला कोणता चंद्र चुकलाय? बाई एक लावायच्या, ताई आणखी एक प्रश्न विचारायची, बाई पुन्हा फिरायच्या. शेवटी तो सूर्याशेजारचा चेंडू बाईंनी स्वतः वळवला आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. आवाज ऐकू येत नव्हता, तरी मला सगळा पाठ कळला. माझी नणंद किती मोठी शिक्षिका आहे हे मला त्या काचेतून दिसलं, आणि मी सासूबाईंना तसं सांगितलं. त्यांनी पदरानं काच पुसली.

ताईची निवड झाली. अत्तरवालीला बाईंनी दुसऱ्या कुठल्याशा शाळेसाठी थांबायला सांगितलं. टायवाले सर निकाल ऐकायच्या आधीच निघून गेले होते. ताईनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि फोन हातात धरून नुसती हसत राहिली. तिकडून तो “काय झालं, काय झालं” म्हणतोय ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

खोका गाडीत ठेवायला आम्ही बाहेर आलो, तर पायऱ्यांवर संयोजक बसले होते. नोकरी गेली होती, वेगळं सांगायला नको. बहीण शेजारी होती. मला वाटलं आपण बघितलं न बघितल्यासारखं करून जावं. ताई थांबली.

“सर, महिनाअखेर मी इथली शाळा सोडतेय,” ती म्हणाली. “विज्ञानाची जागा रिकामी होईल. सातवीचा वर्ग आहे, सारखे प्रश्न विचारतो, कोणा ऐऱ्यागैऱ्याचं ऐकणार नाही. तुम्ही मुख्याध्यापकांना भेटा. आजचं सगळं तुम्हीच त्यांना सांगा. मीही सांगीन, आणि तुम्ही कसं शिकवता तेही सांगीन.”

ते तिच्याकडे बघतच राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस पाया पडणार किंवा नाही म्हणणार, आणि दोन्ही मला बघवणार नाही.

ते उठून उभे राहिले.

“सातवीत मुलं किती आहेत?” त्यांनी विचारलं.